काचघरातली खुजी रोपं

अहो,
सप्रेम नमस्कार. आम्ही दोघी ठीक आहोत. लेक जेवते, म्हणजे मी समोर बसले तर. तुम्ही गोळ्या घेताय ना?

झाडं वाढीसाठी स्टेरॉइड स्वतःच बनवतात. तिच्या खुज्या रोपांना ते बनवता येत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून तिनं काही रोपांना ते बाहेरून दिलंय. रोपं वाढली नाहीत तर काम बंद, असं तिच्या साहेबांनी बजावलंय.

“स्टेरॉइड पैलवान घेतात ना गं?”
“आई, तुझं कॉलेज फार जुनं झालं!”

आज मी डबा घेऊन गेले, तर ती काचघराच्या दाराशीच थांबलेली. “तूच बघून ये.”

मी पट्टी लावून पाहिली. स्टेरॉइड दिलेली रोपं बोटभर वाढलीत, बाकीची तशीच आहेत. सांगितलं, तर पायरीवर बसून रडली. मग स्वतःहून डबा मागितला.

काळजी सोडा, गोळ्या सोडू नका.

तुमची,
मी