वाघबारशीच्या गाडीची परवानगी

८ सप्टेंबर, सोमवार. रात्री ९
काल पाड्यावर मीटिंग झाली. विषय वाघबारस, १७ ऑक्टोबर. आपला वाघदेव डोंगरावर, आणि डोंगर आता अभयारण्यात. चैत्रात गेट बसलं. चालत पूजेला जाणाऱ्यांना अडवत नाहीत, पण गाडीला वनखात्याच्या ऑफिसचं पत्र लागतं. गेटापासून देव चार किलोमीटर, सगळा चढ. माझ्या बाचे, हाल्याबाबाचे, गुडघे यंदा गेलेत. चाळीस वर्षं देवाला पहिला शेंदूर त्याचाच.
पाड्यावरचा देवजी म्हणाला, खाटेवर बसवून नेऊ, चार माणसं पुरे. मी उभा राहिलो. म्हटलं, हाल्याबाबाला खाटेवर न्यायची वेळ अजून आलेली नाही. गाडीचं पत्र मी आणतो. वाणगावात दहा वर्षं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे माझं, सरकारी भाषा मला कळते. बा माझ्याकडे बघत राहिला. बरं वाटलं.
उद्यापासून कामाला लागणे.

११ सप्टेंबर
निलमचं म्हणणं, उद्या सकाळची एसटी पकड, चारोटीला हायवेला लाग, तलासरी, तिथून रिक्षाने झरी. ऑफिस झरीलाच आहे. जा, सांग, पत्र घेऊन ये. बायकोला वाटतं ऑफिस म्हणजे माहेर.
आधी नियोजन. फाइल (निळी). अर्ज तीन प्रतीत. बाचा फोटो, आधार, गुडघ्याचे एक्स-रे. देवाचाही फोटो लागेल का, बघणे.

१५ सप्टेंबर
अर्जाचा मसुदा झाला. नुसता 'विषय' सात ओळींचा. निलमने विचारलं, यात बा कुठे आहे. दुसऱ्या पानावर आहे.

१७ सप्टेंबर
जाणार होतो. पण पितृपंधरवडा चालू आहे. आमच्यात पाळत नाहीत. साहेब पाळत असतील तर? रिस्क नको.

२३ सप्टेंबर
नवरात्र बसलं. दुकानात गर्दी. जातीचे दाखले, रेशनकार्ड, एका मुलीचा नर्सिंगचा फॉर्म. लोक म्हणतात, मनिषभाऊ, तुमच्या हातचा फॉर्म परत येत नाही. खरं आहे. माझा अर्जही परत येणार नाही. (अजून गेलेला नाही.)

३० सप्टेंबर, मंगळवार
मोबाइलमध्ये गेटाच्या बोर्डाचा फोटो होता. आज मोठा करून वाचला. 'वाहन प्रवेशासाठी अर्ज किमान पंधरा दिवस आधी करावा.' परत वाचला. मग बोटांवर मोजलं. सतरातून पंधरा गेले, उरले दोन. म्हणजे २ ऑक्टोबर बरोबर शेवटचा दिवस. आणि २ ला दसरा! याला म्हणतात योग. साडेतीन मुहूर्तांतला एक, अर्ज नाकारायची कोणाची हिंमत?
निलमने उद्याच जा म्हटलं. उद्या मुहूर्त नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी १२.४०, झरी
ऑफिस बंद.
समोर काकड्या विकणारी पुतळीबाय म्हणाली, आज गांधीबाबाची सुट्टी. आणि दसराही. दोन सुट्ट्या एका दिवशी, कुत्रंसुद्धा आलं नाही इकडे.
मी स्वतः दरवर्षी दुकानाबाहेर बोर्ड लावतो, '२ ऑक्टोबरला सरकारी कामे बंद'. यंदाही लावून आलोय.

२ ऑक्टोबर, रात्री
येताना पाऊस लागला. फाइल भिजली, अर्जाचा लगदा. बाने विचारलं, दिला का कागद? म्हटलं, पहिला टप्पा पार पडला. त्याने मान डोलावली. त्याला टप्पे माहीत नाहीत, म्हणून प्रश्न नसतात.

३ ऑक्टोबर
अंग दुखतंय. उद्या शनिवार, परवा रविवार. सरकारच सुट्टीवर, तर आपण काय करणार.

६ ऑक्टोबर
नवीन प्रिंट काढली. यावेळी लॅमिनेशन केलं, जाड वालं, दोन्ही पानं पाठीला पाठ लावून. पाणी ओता, चहा सांडा, काही होणार नाही. दुकानात दोघांनी हात लावून बघितलं. असा अर्ज जिल्ह्यात कोणी दिला नसेल.

९ ऑक्टोबर, गुरुवार
गेलो. ऑफिस उघडं! साहेब हजर! सगळं जुळून आलं होतं.
खिडकीवरच्या मॅडमनी अर्ज हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. विचारलं, यावर आवकचा शिक्का कुठे मारू? मारून बघितला. शाई सरकली. फडक्याने पुसली तर शिक्का गेला. साहेब सही कशावर करणार, हेही त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही, उलट कोरा कागद दिला. म्हणाल्या, इथेच बसा, दोन ओळी लिहा, वडील म्हातारे आहेत, गाडी सोडावी. मुदत गेली आहे, पण साहेब आत आहेत, मी सांगते त्यांना.
मी पेन हातात घेतलं. दहा वर्षांत टायपिंगशिवाय काही लिहिलेलं नाही. ही रोजनिशी सोडून, आणि ती मलाच वाचता येते. मागे चार माणसं उभी. 'मा. साहेब' लिहिलं, ते 'मा. साबण' दिसत होतं. कागद घडी करून खिशात घातला. म्हटलं, उद्या व्यवस्थित टाइप करून आणतो. मॅडम म्हणाल्या, अहो, दोनच ओळी. मी म्हटलं, काम करायचं तर नीट.
बरोबरच केलं. बहुतेक.

१० ऑक्टोबर
वाणगावला दिवसभर लाइट नाही. प्रिंटर बंद. ही माझी चूक नव्हे, हे इथे नोंदवून ठेवतो.

१३ ऑक्टोबर, सोमवार
कागद घेऊन पोचलो. साध्या कागदावर, दोन ओळी, टाइप केलेल्या. साहेब शुक्रवारी संध्याकाळी ट्रेनिंगला गेले, वीस तारखेला येणार. मॅडमनी शिक्का मारला. म्हणाल्या, सही त्या दिवशी झाली असती.
पुतळीबायने काकडी दिली. पैसे घेतले नाहीत. माझं तोंडच तसं झालं असावं.

१४ ऑक्टोबर
देवजी पुन्हा आला. खाट काढू का? दोऱ्या बांधायला एक दिवस लागतो, माणसं आधी सांगावी लागतात. मी म्हटलं, काम झाल्यात जमा आहे. हे का म्हटलं, ठाऊक नाही. बा पलीकडे बसून टोपी धूत होता.

१६ ऑक्टोबर
पाड्यावरच्या प्रविणची ईको गाडी सांगून ठेवली. नियोजन असं: गेटावर लॅमिनेशनचा अर्ज दाखवायचा. चकाकतो. वाचणारा दुसऱ्या पानापर्यंत येईतो गाडी आत.
बाने शेंदराची डबी तीनदा उघडून बघितली. निलम माझ्याशी बोलत नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वाघबारस
पाड्यावरची माणसं सकाळी सहालाच चालत वर गेली. आम्ही आठला गेटावर. बा पुढच्या सीटवर, धुतलेली टोपी, मांडीवर डबी आणि नारळ.
गार्डने अर्ज अख्खा वाचला. दोन्ही बाजू. एवढ्या मन लावून माझं काही कोणी वाचलं नव्हतं. मग विचारलं, साहेबांची सही? मी साध्या कागदावरचा आवकचा शिक्का दाखवला. तो म्हणाला, ही तर पोच. फोन लावला, लागला नाही. शेवटी म्हणाला, शेंदूर द्या, मी बाइकवर वर पोचवतो. बा म्हणाला, तो हातानं लावायचा असतो.
बसून राहिलो. बा डोंगराकडे बघत होता. मी बोर्ड वाचत होतो.
बाराला माणसं उतरली, कपाळावर शेंदूर. देवजी म्हणाला, परवा एक शब्द टाकला असतास तर चार माणसं होती. बाने त्याला मध्येच थांबवलं. सगळ्यांना सांगितलं, माझ्या पोरानं मला गाडीतून आणलं, गेटापर्यंत. देवाला जायला इथवर गाडीत कोण आलंय आजवर?
मला रडू आलं. प्रविणला वाटलं डोळ्यात काही गेलं, त्याने गाडीतलं फडकं दिलं.
बाने नारळ गेटाबाहेरच्या दगडावर फोडला. डबी उघडली नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार
डबी बाने परत माळ्यावर ठेवायला दिली. भरलेली. मी ठेवली. 'पुढच्या वर्षी' म्हणायला तोंड उघडलं आणि बाच्या गुडघ्यांकडे बघून मिटलं.
अर्ज शोधत होतो, फाडायला. लॅमिनेशन फाटत नाही, पण तरी. बाने तो माठावर झाकण म्हणून ठेवलाय. म्हणाला, मजबूत केलंस रे, पाणी लागत नाही याला.