मामांनी निवडलेला सायलेन्सर

मुदखेड, ४ फेब्रुवारी २०२४

ती. स्व. दयानंदमामांस,
हरिओमचा शि. सा. नमस्कार.

तुम्ही भेटला न्हाईत, मोटरसायकल तुमच्या गॅरेजात सोडून एस.टी.नं सुखरूप पोचलो. फोन करून दमलो. तुम्ही नुसतं बरं बरं म्हणता अन् ठेवून देता. मग तुमच्या पोरीचा, सुकन्येचा निरोप येतो की उदगीरला नेटवर्क न्हाई, मामांना कागदावर लिही. घ्या, लिहून राहिलो.

कंपनीच्या सायलेन्सरनं गाडी शिवणयंत्रासारखी वाजते. मित्र हसतात. आवाज मोठा पाहिजे, पण थोडाच, जड, घुमणारा. गल्लीतून तक्रार आली तर गाडीसकट बाहेर काढीन, असा बाबांनी दम दिलाय. निवड तुमच्यावर सोडली.

मामींना नमस्कार. भाच्यावर माया असू द्या.

तुमचा,
हरिओम

उदगीर, १० फेब्रुवारी

चि. हरिओम यास अनेक उत्तम आशीर्वाद.

काम झालं. लोकांना वाटतं नळी लावली की झालं. अरे, सगळा खेळ आतल्या जाळीचा. जाळी काढली की आवाज फुटतो, आखूड डबा तडतडतो, लांब नळा घुमतो. दोन दिवस तुझ्याच गाडीवर लावतोय अन् काढतोय. शेवटी एक पसंत पडला. एकदम सौम्य हाय, तुझा बापसुद्धा नाव ठेवणार न्हाई.

पुढच्या रविवारी येऊन गाडी ने. येताना तुझ्या आईच्या, उज्ज्वलाताईच्या हातची कारळाची चटणी आण, रिकाम्या हातानं आलास तर गाडी देणार न्हाई.

तुझा मामा,
दयानंद

मुदखेड, २० फेब्रुवारी

ती. स्व. मामांस, शि. सा. नमस्कार.

मामा, ह्याला सौम्य म्हणता? अहो, जळकोटच्या चौकात लोक हॉटेलातून बाहेर आले बघायला. मुदखेडात पोलिसांनी दंड केला आणि हा काढूनच गाडी रस्त्यावर आण म्हणाले. आई दोन्ही कान दाबून दारात उभी. बाबांनी गाडी गल्लीबाहेर लावायला लावली, लई चिडलेत.

ते जाऊ द्या. आता लिहितो त्याचा राग मानू नका. मामा, तुमचे कान गेलेत. रविवारी तुमचे जुने गिऱ्हाईक गुरुबसप्पा मागून ओरडून राहिले होते, तुम्ही वळलाच न्हाईत. इंजिन ऐकायला पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवून मूठ तुम्ही कानाला लावायचात. परवा ती दातात धरली होती. वर त्यांची गाडी घेऊन ट्रायलला निघालात. मागून ट्रक हॉर्नवर हॉर्न देतोय आणि तुम्ही रस्त्याच्या मधोमध! एखाद्या दिवशी ट्रकवाल्याला ब्रेक लागणार न्हाई, मामा.

आईला सांगितलं तर रडायला लागली. एकच भाऊ हाय म्हणते. लातूरला कानाचे डॉक्टर आहेत, मशीन बसवतात. चला माझ्यासंगं. तोवर ट्रायल बंद, पाया पडतो.

हरिओम

उदगीर, २७ फेब्रुवारी

चि. हरिओम यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून लई राग आला. दोन दिवस खिशात ठेवलं, घरात कुणाला दाखवलं न्हाई. तिसऱ्या दिवशी सुकन्येला दिलं. तिनं वाचलं अन् माझ्या शर्टाची बाही धरून बसली.

खरं हाय. दिवाळीपासून फार कमी झालं. पण बहिऱ्या मिस्त्रीकडं गाडी कोण टाकतंय? म्हणून नेटवर्कवर ढकललं. माणसाच्या तोंडाकडं बघून काय म्हणतो ते कळतं, गाडीचं कसं कळणार? ट्रायल आता सुकन्या घेते. डॉक्टरांची वेळ घे, येतो मी. ताईला म्हणावं रडू नको.

आता सायलेन्सरचं. तुझ्या गाडीला मी पाच लावले. पहिल्या चार वेळा वाटलं गाडी चालूच झाली न्हाई; हात ठेवला तर इंजिन थरथरत होतं. पाचवा लावला, किक मारली आणि गाडी मला ऐकू आली. अंगावर काटा आला रे. मग तोच चांगला वाटला.

जीव लावतोस, तसाच लावत जा.

तुझा,
दयानंदमामा