सातत्य, भाग पहिला

२७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळ.

आजपासून मी ब्लॉगर!

नूपुरने माझ्या मोबाइलमध्ये 'शब्दमोहर' घालून दिलं. नूपुर आमची नात, कॉलेजात असते. यात आपण लिहायचं, लोक वाचून व्होट देतात, व्होटांच्या मोहरा होतात आणि मोहरांचे खरेखुरे पैसे मिळतात. लिहिण्याबद्दल कोणी काही देतं हे मला माहीतच नव्हतं. मला चौथीत निबंधाबद्दल अंगठे धरून उभं केलं होतं.

कारण लिहून ठेवते, मागाहून विसरायला नको. गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवात मी चहाच्या गाळण्या वाटल्या. शैलावहिनींनी (बराकपूरच्या, मिस्टर मिलिटरीत) गाळणी उजेडात धरून विचारलं, "शकुनताई, हे वाण मुलाकडून की यजमानांकडून?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण ते मनात राहिलं. जन्मात एक पैसा कमावला नाही हे खरंच आहे. म्हणून यंदाचं वाण माझ्या कमाईचं. कोलकात्यातल्या सगळ्या मराठी बायकांना सांगूनही टाकलंय, म्हणजे मागे फिरायला नको.

रोज एक पोस्ट. नियम म्हणजे नियम.

२८ ऑक्टोबर

आज लिहिलं नाही. तयारी केली. कोणतंही काम तयारीनिशी करावं.

लिहायला खिडकीजवळची खुर्ची चांगली, पण तिथे हे बसतात. उदयने (मुलगा, बँकेत, इथे बदलीवर) ह्यांना आपला जुना टॅब दिलाय, त्यावर दिवसभर सुडोकू. पाटबंधारे खात्यात जन्मभर कारकुनी केली, आता आकड्यांशिवाय करमत नाही. डोक्याला माकडटोपी. इथे ऑक्टोबरपासूनच सगळे पुरुष माकडटोपी घालतात, ह्यांना तेवढं एक बंगालचं फार आवडलं.

मी म्हटलं, अहो, जरा सरका, मला लिहायचंय. म्हणाले, "तू सुरू कर, मी सरकतो."

३१ ऑक्टोबर. संध्याकाळी ५.

पहिली पोस्ट टाकली!! नूपुर म्हणाली मोटिव्हेशन चालतं. मी बोलत गेले, मोबाइल लिहीत गेला. नाव, 'सातत्य कसं राखावं, भाग पहिला'. मजकूर असा: सातत्य म्हणजे रोज. रोज म्हणजे रोजच. कंटाळा आला तरी रोज. सविस्तर भाग दुसऱ्यात.

दोन व्होट. एक नूपुरचं, एक सुनेचं. अलकाने ऑफिसात असताना दिलं, म्हणजे सॉल्ट लेकच्या ऑफिसांपर्यंत पोचले मी पहिल्याच दिवशी.

६ नोव्हेंबर

भाग दुसरा राहिलाय. माझा दोष नाही. खालच्या मजल्यावरच्या मित्रबौदी (बौदी म्हणजे वहिनी) नारळाचे लाडू घेऊन आल्या. मला बंगाली येत नाही, त्यांना मराठी येत नाही, दुपारभर बोललो. त्यांच्या जावयाचं काहीतरी बिनसलंय. किंवा म्हशीचं. पण जावयाचंच असावं, कारण फ्लॅटमध्ये म्हैस कुठून येणार.

उद्या भाग दुसरा, तिसरा आणि चौथा एकदम.

१४ नोव्हेंबर

मराठी विभागात एक नवीन लेखक सगळ्यांच्या वर गेलाय. नाव 'खिडकीवाला'. रोज चार ओळी लिहितो, त्याही बायकोबद्दल. ती बाई रोज लिहायचं ठरवते आणि लिहीत नाही. कालचं असं होतं: 'आज सौ.ने लिहिण्याआधी चष्मा पुसला. मग पुसायचं फडकं मळकं दिसलं म्हणून धुतलं. मग फडकं वाळेपर्यंत झोपली.'

मी इतकी हसले की ठसका लागला. ह्यांनी उठून पाणी दिलं. ह्यांनाही वाचून दाखवलं. म्हणाले, "बरं लिहितो." ह्यांना विनोद कळत नाही.

काय एकेक बायका असतात! त्या नवऱ्याची दया येते. मी व्होट दिलं.

माझं लिखाण आज झालं नाही. फडकं अजून ओलंच आहे, इथली हवाच दमट.

१५ नोव्हेंबर

खिडकीवाल्याला खाली कॉमेंट लिहिली. 'भाऊ, बायकोला नावं ठेवू नका, प्रोत्साहन द्या. मी स्वतः लेखिका आहे, त्यामुळे मला त्यातलं कळतं.' लगेच उत्तर आलं, 'प्रयत्न करतो, ताई.' किती नम्र माणूस. नाहीतर आमच्याकडे, मी बोलतेय आणि हे टॅबवर बोट आपटत बसलेत.

संध्याकाळी ह्यांना काय झालं कोण जाणे. एकदम म्हणाले, "तू चांगलं लिहितेस हं." एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. भजी हवी असणार. केली. त्यात संध्याकाळ गेली, लिखाण राहिलं.

२९ नोव्हेंबर

युक्ती सापडली! मला आधी कसं सुचलं नाही?

हळदीकुंकवाला आपण तिच्याकडे जातो म्हणून ती आपल्याकडे येते. व्होटांचंही तसंच करायचं. इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्या बायकांना शब्दमोहरवर घेतलं. तेजस्विनीने (सेक्टर फाइव्हला कॉम्प्युटरवाली, फार गुणी पोर) सगळ्यांची खाती उघडून दिली. शैलावहिनीही आल्या, नको नको म्हणत सर्वांत आधी. आता मी सगळ्यांना व्होट देते, सगळ्या मला. पोस्ट नवी हवी असंही नाही. मी भाग पहिलाच पुन्हा टाकते. चांगली गोष्ट किती वेळा सांगितली तरी थोडीच.

जाता जाता सगळ्यांना खिडकीवाला वाचायला सांगितलं. म्हटलं, वाचा, आपण किती बऱ्या ते कळेल.

९ डिसेंबर

मोहरांचा ढीग! नूपुर म्हणाली, "आजी, तू पहिले भाग दोन लिही तर सही." हल्लीच्या मुलांना धीर नाही.

बडाबाजारात जाऊन वाण सांगून आले. स्टीलच्या वाट्या. प्रत्येकीवर मशीनने कोरून, 'स्वकमाईतून, सौ. शकुन'. दुकानदाराने विचारलं ॲडव्हान्स? मी म्हटलं, मोहरा येताहेत. तो ह्यांच्याकडे बघायला लागला. हे पिशवी धरून उभे होते. म्हणाले, "नाव घालायच्या आधी कमाई होऊ दे की." मी म्हटलं, माणसाने पॉझिटिव्ह असावं.

२० डिसेंबर

माझ्या नावापुढे लाल झेंडा आला! मंडळातल्या सगळ्यांच्या नावांपुढे आला. मी सगळ्यांना फोन करून अभिनंदन केलं. लाल रंग, कुंकवाचा, शुभच.

नूपुर कॉलेजातून आली आणि कपाळाला हात लावला. "आजी, हे प्राइझ नाही आहे. तुम्ही लोक एकमेकींना वोट देता ना, त्याला चीटिंग मानतात. कॉइन सगळे परत घेतले." मी म्हटलं, मग आपलं हळदीकुंकूही चीटिंग का? म्हणाली, "थोडं तर आहे."

मोहरा परत घेतल्या म्हणजे कंपनीकडे ठेवल्यात. लॉकरमध्ये असतात तशा. घरात ठेवण्यापेक्षा बरं.

शैलावहिनींना पुन्हा फोन करावा लागला. त्यांनी नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवला. त्याचंच जास्त लागलं.

२१ डिसेंबर

खिडकीवाला लिहितो: 'सौ.च्या सगळ्या मैत्रिणींना लाल झेंडा लागला. सौ. म्हणते, रंग शुभ आहे.'

मीही काल अगदी हेच म्हटलं होतं! समविचारी बाई दिसते. उगीच नावं ठेवली तिला. एकदा भेटायला हवं.

१ जानेवारी

नवं वर्ष, नवा निश्चय. रोज सकाळी चहाच्या आधी पोस्ट.

चहा झाल्यावर लक्षात आलं.

१० जानेवारी

हळदीकुंकू पुढच्या रविवारी. मोहरा नाहीत. वाट्या कोरून तयार आहेत असा बडाबाजारातून फोन आला. मुलाकडे पैसे मागितले तर वाण मुलाचं. ह्यांच्याकडे मागितले तर वाण ह्यांचं. वाट्यांवर तर 'स्वकमाईतून' कोरलंय, ते आता निघणार नाही.

आज दुपारी झोप लागली नाही. मला! मित्रबौदींनी नोलेन गूळ आणून दिला, खजुराचा, थंडीतच मिळतो. वास असा की एरवी मी तासभर बोलले असते. नुसतं हो हो म्हणून दार लावलं.

शेवटी खिडकीवाल्यालाच विचारलं. एवढा वर गेलेला माणूस, त्याला माहीत असणार. लिहिलं, 'भाऊ, माझ्या हातून रोज लिहिणं होत नाही. न लिहिता कमाई होते का?'

उत्तर आलं, 'होते, ताई. माझ्या घरी होते आहे.'

शिकलेली माणसं सरळ बोलतच नाहीत. मी डोळे पुसले. ह्यांनी टॅब बाजूला ठेवून विचारलं, "चहा टाकू?" ह्यांनी! मी म्हटलं, तुम्हाला साखर कुठे आहे तेही माहीत नाही. म्हणाले, "सांग की, शिकतो."

चहा फार गोड झाला होता. प्यायले.

१७ जानेवारी

हे सकाळीच मेट्रोने कुठेतरी गेले आणि वाट्या घेऊन आले. सगळ्या. पैसे चुकते करून.

मी म्हटलं, पेन्शनचे ना? म्हणजे वाण तुमचंच झालं. आणि वर कोरलंय ते खोटं.

"खोटं नाही," म्हणाले.

मी म्हटलं, कसं काय?

माकडटोपी काढून पुन्हा म्हणाले, "खोटं नाही म्हटलं ना." टोपी काढून बोलतात ते गंभीर असतं, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

तिळाचे लाडू नोलेन गुळाचे केले. गूळ पातळवाला निघाला, लाडू वळेनात. मित्रबौदी येऊन हसून हसून गेल्या. ह्यावर पोस्ट लिहायला हवी. उद्या.

१८ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ७.

सगळ्या येऊन गेल्या. क्रमाने लिहिते.

तिळगूळ वळलाच नाही म्हणून वाणाच्याच वाटीत घालून चमच्याने दिला. शैलावहिनींनी आधी तिळगूळ खाल्ला, मग वाटी उजेडात धरली. मी वाट बघत होते, आता विचारतील, आता विचारतील. त्यांनी कोरलेलं वाचलं. पुन्हा वाचलं. आणि ओरडल्या, "अगंबाई, ही तर खिडकीवाल्याच्या सौ.ची वाटी!"

मला कळेना. तेजस्विनीने मोबाइल पुढे केला. गेल्या आठवड्यातलं होतं, माझं वाचायचं राहिलेलं. 'सौ.ने वाट्यांवर स्वकमाईतून असं कोरून घेतलंय. कमाई तेवढी यायची आहे.'

मी म्हटलं, योगायोग. अशा वाट्या पुष्कळ बायका करून घेत असतील.

तेजस्विनी म्हणाली, "काकू, फडकं वाळलं का?"

मग सगळ्या जणी एकदम खिडकीकडे वळल्या. हे टोपीत बसले होते. टॅबवर सुडोकू नव्हतं.

सगळ्यांनी रोज वाचलंय. रोज व्होट दिलंय. मीच सांगितलं होतं ना.

शैलावहिनी हसू आवरत म्हणाल्या, "म्हणजे वाण शेवटी यजमानांकडूनच!" मला वाटलं, वाटीत तोंड घालावं.

हे बायकांत कधी बोलत नाहीत. आज खुर्चीतून उठले. टोपी काढली. म्हणाले, "नाही हो, वहिनी. मी स्वतःबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आधी, कोणी बघितलं नाही. लोक वाचतात ते हिचं. हिने काय करायचं ठरवलं आणि काय केलं, तेवढंच उतरवून घेतो. मजकूर सगळा हिचा. कमाई हिचीच."

शैलावहिनींनी वाटी पिशवीत ठेवली, पुन्हा काढली, म्हणाल्या, "तिळगूळ आहे का अजून?"

१९ जानेवारी. सकाळ.

शांतपणे विचार केला.

म्हणजे मराठी विभागात सगळ्यांच्या वर मीच आहे. मोठ्या लोकांकडे लिहून घ्यायला माणूस असतो, तसे माझ्याकडे हे. ह्यांनी आधीच सांगितलं असतं तर डिसेंबरात एवढी धावपळ केली नसती.

फक्त झोपेचं लिहायला नको होतं. फडकं वाळेपर्यंत मी झोपले नव्हते, डोळे मिटून विषय शोधत होते. तसं ह्यांना सांगितलं. आणि हेही सांगितलं की आता बस झालं. माझं मी लिहिणार, माझ्या नावाने. उद्यापासून रोज. सुरुवात भाग दुसऱ्याने.

हे बरं म्हणाले आणि खिडकीशी जाऊन बसले. खुर्ची सरकवून मला जागासुद्धा करून दिली. मी म्हटलं, आज राहू दे, आज फडकं धुवायचंय.

मग टॅब उघडून, बोट वर धरून त्यांनी विचारलं, "उद्यापासून, असंच म्हणालीस ना?"