जीपचा छोटा दांडा आणि दोन टोप्या

७ फेब्रुवारी, रविवार
सूनबाईची नवी गाडी आली. चारही चाकांना जोर असलेली. सूनबाई गुरांची डॉक्टर. एक मार्चला नदीपलीकडच्या दवाखान्यात रुजू व्हायचंय. नदीवर पूल नाही, कोरड्या पात्रातल्या वाळूतून जायचं. स्वतः गाडी हाकत येणार असाल तरच नोकरी, असं दवाखान्याने साफ सांगितलंय. मी जाहीर केलं, शिकवणी माझ्याकडे. ही म्हणाली, तुम्ही कधी उतरलात हो वाळूत? असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही. माझ्या जुन्या जीपला गिअरशेजारी एक छोटा दांडा आहे. तो पुढे सारला की चारही चाकं ओढतात. तीस वर्षं तो माझ्या हाताखाली आहे आणि जीप एकदाही रुतलेली नाही. (डांबर कधी सोडलं नाही, ही गोष्ट वेगळी.)

८ फेब्रुवारी, सकाळ
शेजारच्या दातांच्या डॉक्टरनेही तसलीच गाडी घेतलीय. नुसती पुसत बसतो. त्यालाही ओढला. दोन शिष्य म्हणजे वर्गच झाला. संकल्प: रोज पहाटे व्यायाम. गुरू चपळ दिसला पाहिजे.

तोच दिवस, दुपार
संकल्प उद्यापासून.

१० फेब्रुवारी
जेवणाच्या टेबलावर थिअरी. परातीत पीठ म्हणजे वाळू, काडेपेटी म्हणजे गाडी. वाळूत सगळा खेळ आत्मविश्वासाचा, असं समजावलं. सूनबाईने विचारलं, वाळूत टायरमधली हवा थोडी कमी करायची ना, बाबा? गाडीबरोबर आलेलं पुस्तक तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंय. पुस्तकांनी माणूस बिचकतो. मी म्हटलं, हवा काढलेला टायर म्हणजे उपाशी पैलवान. डॉक्टरने हे लिहून घेतलं. सूनबाईने नाही. हिने नंतर पीठ चाळलं, त्यात तीन काड्या निघाल्या. त्यावरून जे बोलली ते इथे लिहीत नाही.

११ फेब्रुवारी
व्यायाम केला. कंबर धरली.

१४ फेब्रुवारी, रविवार
बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत प्रॅक्टिकल. डॉक्टर चढावर अडकला. मी बाजूने ओरडलो, दाब, अजून दाब. त्याने दाबला. गाडी उडी मारून मातीच्या ढिगात शिरली. नवा बंपर खाली लोंबायला लागला. तो उतरला, बंपर हाताने उचलून पाहिला. मग म्हणाला, "काका, दाढ उपटताना मी आधी भूल देतो."
सूनबाई तोच चढ हळूहळू, आवाज न करता चढली. थोडी भित्री आहे. सुधारेल.

२१ फेब्रुवारी, रविवार
पुढच्या रविवारी नदी. जीप घासूनपुसून लख्ख केली. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध गोल टोप्या आहेत, त्यांना मी दर रविवारी पॉलिश करतो. तोंड दिसतं त्यांत. सूनबाई शेजारी उभी राहून बघत होती. म्हणाली, बाबा, या फिरवायच्या असतात ना? मी म्हटलं, छे गं, शोभेच्या आहेत. यांच्यावर काही लिहिलेलं होतं का, म्हणाली. होतं काहीतरी बारीक, पॉलिशने गेलं. ती वाकून टोपी निरखायला लागली. आदर वाढतोय असं दिसतं.

२८ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ
नदी.
पुढे मी, मागे दोन गाड्या. सर्वांना दिसेल असा छोटा दांडा पुढे सारला. पात्राच्या मध्यावर जीप बसली. मी दाबला. अजून बसली. मागची चाकं खड्डा खणत होती आणि पुढची पाहुण्यांसारखी स्वस्थ. डॉक्टरला ढकलायला लावलं. तो पांढरे बूट घालून आला होता. चूक त्याची.
सूनबाई खाली उतरली. गुडघे टेकून एक टोपी फिरवली. खट् झालं. मग दुसरी. चारही टायरची हवा थोडी थोडी सोडली. मग खिडकीशी येऊन म्हणाली, "बाबा, आता तुमचा दांडा कामाचा झाला. पाय मात्र हलका ठेवा."
जीप गोठ्यातून म्हैस निघावी तशी निवांत बाहेर आली.
म्हणजे टोप्या फिरवल्याशिवाय पुढची चाकं जोडलीच जात नाहीत; तीस वर्षं ती मोकळीच होती. दांडा मी सारत होतो, ओढत कोणीच नव्हतं.
पलीकडे जाऊन थोडा वेळ खाली बघत बसलो. सूनबाई शेजारी टेकली. म्हणाली, "घासत होतात म्हणून फिरल्या हो. नाहीतर गंजून बसल्या असत्या."
हे मला आधीच वाटलं होतं.
मी नको म्हटलेला पंप तिने आणला होता. परतताना डांबर लागल्यावर टायर पुन्हा भरले, नळी मी धरली.

१ मार्च, सोमवार
सूनबाई एकटीच गेली. सोबत येऊ का म्हणून विचारलं. म्हणाली, नको बाबा, पहिल्याच दिवशी सासऱ्याला घेऊन गेले तर गुरंसुद्धा हसतील. तरी मला त्या बाजूला काम होतंच. काठावर उभा राहिलो. एकदाही न अडकता पार झाली. पलीकडून एक हॉर्न. बहुधा मलाच.
संध्याकाळी डॉक्टर आला, पुढचा क्लास कधी म्हणून. मी खुर्ची सरळ केली, रविवारी सकाळी म्हटलं. तो म्हणाला, ते झालं काका, पण शिकवायला ताईंना वेळ आहे का?
सूनबाईला आहे म्हणे.
टायरमध्ये हवा भरायचं काम माझ्याकडे दिलंय. जबाबदारीची जागा आहे. त्याशिवाय कोणी घरी पोचत नाही.
टोप्यांवर पांढऱ्या रंगाने 'मोकळं' आणि 'बंद' लिहिलं. कुठल्या बाजूला काय, ते सूनबाईला विचारून.