सहपत्र क्रमांक तीन म्हणून जमा झालेला लॅपटॉप न पुसता परत मिळणेबाबत

प्रति,
मा. कार्यालय अधीक्षक,
पाणीपुरवठा विभाग

विषय : पत्नीचा लॅपटॉप आहे तसा परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपली आवक पोच क्र. ४१७.

महोदय,

हा अर्ज मी हाताने लिहीत आहे, कारण ज्यावर लिहिला असता ते यंत्र आपल्या कपाटात आहे.

१. माझी पत्नी गेल्यावर घराचे नळजोड माझ्या नावे करावे, असा अर्ज मी तिच्या छोट्या लॅपटॉपवर केला. तो स्वस्तातला आहे. त्यातली सगळी सॉफ्टवेअर फुकट मिळणारी आहेत. माझ्या भाचीने घालून दिली. पत्नीने सहा वर्षे त्यावर पत्रे, हिशेब, फोटो सगळे केले. कधी अडले नाही.

२. आपल्या खिडकीवर माझी फाइल उघडली तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसले. लिपिक म्हणाले, "काका, फुकटचं ते असंच असायचं. मशीनच घेऊन या, बघू." मी नेले. त्यावर अर्ज स्वच्छ उघडला. त्यांनी तो वाचला, मान डोलावली आणि लॅपटॉपवर शिक्का मारून तो आवक वहीत 'सहपत्र क्र. ३' म्हणून चढवला. मी हात पुढे केला तर म्हणाले, "जोडलेला कागद असा मधेच काढता येतो का?"

३. अर्ज निकाली निघेपर्यंत सहपत्र परत मिळत नाही. आणि अर्ज आपल्या यंत्रावर उघडत नाही, म्हणून तो निकाली निघत नाही. अशी सात आठवडे मी आपली पायरी झिजवतो आहे.

४. काल संगणक कक्षातल्या बाईंनी सांगितले की कार्यालयात जमा असलेल्या प्रत्येक यंत्रात मान्य सॉफ्टवेअर घालायचे, असा आदेश आहे. त्यासाठी सोमवारी आतले सगळे पुसणार. वर म्हणाल्या, "नव्यासारखा होईल बघा!" मला नवा नको आहे.

५. त्यात 'घर' नावाची एक फाइल आहे. आजारपणात पत्नीने माझ्यासाठी लिहिली. एकूण २११ ओळी. चष्म्याचा स्क्रू कुठल्या खणात आहे, झाडाला किती पाणी घालायचे, असे सगळे. ओळ ८८ : "माझे कपडे लगेच देऊन टाकू नका, पण वर्षभर ठेवूही नका." मी रोज एकच ओळ वाचतो. एकदम वाचली तर संपेल. आपण लॅपटॉप घेतलात तेव्हा १४० पर्यंत आलो होतो. "पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा हो," असे तिने मला दोनदा सांगितले होते. तेवढे मात्र माझे चुकले.

६. नळजोडाचा मूळ अर्ज मी मागे घेत आहे. नळ तिच्याच नावावर राहू द्या. अर्जच उरला नाही, तर सहपत्र कशाला जोडलेले राहील?

७. हेही नियमात बसत नसेल, तर सोमवारपूर्वी मला आपल्या व्हरांड्यात एक तास बसू द्यावे. उरलेल्या ७१ ओळी मी हाताने उतरवून घेईन. बॅटरी जुनी आहे, तेव्हा चार्जर मी आणीन. वही मी स्वतः बांधलेली आहे, तीही आणीन. दोन्ही वस्तू माझ्या मांडीवर राहतील. कृपया आवक वहीत चढवू नयेत.

शुक्रवारी दहा वाजता दारात उभा असेन.

आपला नम्र,
(सही)
सेवानिवृत्त पुस्तक-बांधणी कामगार
दि. १४ मार्च

सोबत : काहीही जोडलेले नाही.