बिडाची रेंज

बाबा, दुपारपासून किचनमधली रेंज, तुमची ती बिडाची चूल, घासते आहे आणि आता कंबर धरली आहे. मंगळवारी दोन माणसं येऊन तिचे भाग सुटे करून भंगारात नेणार, आणि त्या जागी इंडक्शन बसणार. टाकायची वस्तू घासायची कशाला, असं तुमचे जावई दोनदा विचारून गेले. त्यांना काय सांगू? या रेंजवरून मी तुमच्याशी एकदा वाईट वागले आणि नंतर एकदा त्याहून वाईट. पहिलं तुम्हाला माहीत आहे. दुसरं सांगायला बसले आहे.

तुम्ही आलात तेव्हा आईला जाऊन वर्ष झालं होतं. इथे इंग्लंडात, वॉटफर्डपासून वीस मिनिटांवरच्या या घरात आधीच्या मालकीणबाईंनी मागे ठेवलेली, रात्रंदिवस गरम असणारी ही अवाढव्य चूल बघून तुम्ही कितीतरी महिन्यांनी हसलात. कोल्हापूरला पाण्याचा तांब्यासुद्धा हातात मिळायची सवय असलेले तुम्ही माझ्या किचनमध्ये गुडघ्यांवर बसला आहात, तिची दारं उघडून बघता आहात, आतल्या कडेवर नखाने टिचकी मारून आवाज ऐकता आहात. उभा जन्म फाउंड्रीत साचे भरण्यात गेलेला माणूस. "एक नंबर बीड हाय गं हे," म्हणालात. ती रॉकेलवर चालते हे कळल्यावर तर, म्हणजे आपला स्टोव्हच की हा, नुसता कोट घातलेला, अशी थट्टा सुरू झाली. मग तुम्ही कामालाच लागलात. ओव्हनमधलं जळकं ब्रशने झाडायचं, इनॅमल ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करायचं, झाकणांच्या कडा जुन्या टूथब्रशने घासायच्या. मी ऑफिसातून दमून यायचे आणि तुम्ही आज काय काय साफ केलं ते सांगत मागे मागे यायचात. मी हूं हूं करत फोन बघायचे.

आणि मग तो कांद्याचा दिवस. मी किचनच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन मीटिंगमध्ये आहे. तुम्ही मोठं झाकण उचलता, तापलेल्या प्लेटवर तेल ओतता आणि अर्ध्या कांद्याने ते फिरवायला लागता, आई नवीन बिडाचा तवा तयार करायची तसं. क्षणात घरभर धूर. स्मोक अलार्म बोंबलतोय आणि स्क्रीनवर आठ चेहरे माझ्याकडे बघताहेत. मी लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, "बाबा, हा तवा नाही. इथे नुसता वायर ब्रश मारतात. प्लीज, पुन्हा हिला हात लावू नका."

"बिडाला तेल लागतं गं," तुम्ही हळूच म्हणालात.

"इथे नाही लागत."

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसू लागलात, स्वेटर घालून. चहासुद्धा मला विचारून घ्यायला लागलात. ते मला दिसत होतं, पण घरात शांतता होती आणि मी थकलेली होते, त्यामुळे ती शांतता मला चालली.

जुलैमध्ये दरवर्षीप्रमाणे रेंज बंद केली आणि आम्ही मुलांना घेऊन आठ दिवस कॉर्नवॉलला समुद्रावर गेलो. वाळूत चालायला गुडघे साथ देत नाहीत म्हणून तुम्ही घरी राहिलात. परत आलो तेव्हा किचनमध्ये शेंगदाणा तेलाचा पुसट वास होता. मी खिडकी उघडली, झाकण उघडून बघितलं नाही. ऑगस्टमध्ये, व्हिसाचे दोन महिने शिल्लक असताना, तुम्ही परत जायचं म्हणालात. मी थांबा म्हणाले नाही.

सप्टेंबरात रेंजचा मिस्त्री सर्व्हिसिंगला आला. उन्हाळाभर बंद राहिली की झाकणांखाली दमट हवा कोंडते आणि प्लेटा गंजतात. दर वर्षी त्याचा अर्धा तास गंज काढण्यात जायचा. त्या दिवशी त्याने झाकण उचललं आणि बघतच राहिला. गंजाचा ठिपका नाही, दोन्ही प्लेटांवर तेलाचा अगदी पातळ, सारखा हात फिरवलेला. त्याने बोट फिरवून बघितलं. म्हणाला, गरम प्लेटवर तेल नको, पण बंद ठेवताना असंच लावायला हवं, आणि इतकं नीट काम मी आजवर कुठल्याच घरात पाहिलेलं नाही. मग त्याने विचारलं, "हे कोणी केलं?"

मी म्हणाले, "मीच."

त्या रविवारी तुमचा फोन आला. मुलांची चौकशी झाली, हवापाण्याचं झालं, आणि फोन ठेवता ठेवता तुम्ही विचारलंत, "मिस्त्री येऊन गेला काय? काय म्हणाला?"

"काही नाही बाबा. सर्व्हिस करून गेला."

"बरं," म्हणालात. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात.

खरं ते सांगितलं असतं तर कांद्याच्या दिवसाची माफी मागावी लागली असती, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही, आणि पत्ता असता तरी टाकलं असतं असं छातीठोकपणे म्हणवत नाही. तो मिस्त्री तुमचं काम बघून थक्क झाला होता, बाबा. ती शाबासकी मी घेतली, आणि घेताना मला बरं वाटलं होतं.