शाल्मलीसाठी चॉकलेटच्या वड्या

बर्मिंगहॅम,
सोमवार, २८ एप्रिल २०२५

चि. शाल्मली,
सप्रेम जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

ईस्टरची सुट्टी संपवून तुम्ही दोघं केंब्रिजला सुखरूप पोचलात, हे प्रणयच्या मेसेजवरून कळलं. ‘रीच्ड’ एवढंच लिहितो माझा लेक. शब्दाला पैसे पडत असल्यासारखा. असो. आम्ही इथे ठीक आहोत. प्रणयच्या बाबांचा गुडघा हवा बघून दुखतो, आणि इथली हवा तुला माहीतच आहे. कौन्सिलने आपल्या घरासमोरचा रस्ता खणून ठेवलाय, त्यामुळे त्यांना दिवसभर खिडकीत उभं राहायला आणि कामगारांच्या चुका काढायला छान निमित्त मिळालंय. बागेत मी मेथी पेरली होती, ती कबुतरांनी खाल्ली.

पाकीट बघून दचकली असशील. हल्ली टपालाने येतं ते हॉस्पिटलचं नाहीतर टॅक्सचं. पण मला जे लिहायचंय ते व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, तर तू लगेच एक लाल बदाम पाठवून दिला असतास आणि मीही ‘चला, सुटले’ म्हणून मोकळी झाले असते. फोन करावा तर प्रणय तो स्पीकरवर टाकतो आणि मधे मधे विनोद करतो. म्हणून कागद घेतला.

आधी वड्यांची कृती लिहिते, तू मागितली होतीस. वाटीभर खजूर घे, बिया काढ आणि कोमट पाण्यात भिजत घाल. ओट्स कोरडेच, मंद आचेवर, रवा भाजतो तसे वास सुटेपर्यंत भाजायचे आणि मिक्सरमधून जाडसर काढायचे. अक्रोडही तसेच. मग खजूर वाटायचा. वाटताना पाणी घालायचा मोह होतो, घालू नकोस, नाहीतर वड्यांचं पिठलं होतं. त्यात ओट्स, अक्रोड, तीन-चार चमचे कोको आणि चिमूटभर मीठ. हाताने चांगलं मळायचं. गोळा घट्ट झाला की ताटात थापायचा, वर डार्क चॉकलेट वितळवून पसरायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सुरीने वड्या पाडायच्या. साखर नाही, दूध नाही, ओव्हन नाही. झालं.

एवढं सोपं आहे ते, पण तिथे पोचायला मला दोन आठवडे लागले. आधी एका व्हिडिओत बघून ॲव्होकाडोचं चॉकलेट पुडिंग केलं होतं. दिसायला सुंदर! प्रणयच्या बाबांनी वाटीत बोट बुडवलं, वास घेतला आणि विचारलं, “गिरिजा, हे खायचंय की केसांना लावायचंय?” मी रागावले, पण एक चमचा खाल्ल्यावर मलाही प्रश्न पडला. ते सगळं त्यांनीच संपवलं. टाकून द्यायचं नाही हा त्यांचा बाणा.

मग खजुरावर आले. सुपरमार्केटमध्ये ईस्टरच्या चॉकलेट अंड्यांचे डोंगर लागले होते आणि मी मधेच चष्मा लावून, एकेक डार्क चॉकलेट उचलून पाठीमागचं वाचत उभी. इथे बरं असतं, दूध हा शब्द ठळक छापतात. डार्क म्हणवणाऱ्या चॉकलेटमध्येसुद्धा दूध निघतं गं! सगळी नोकरी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये झाली माझी. लेबल वाचल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. तिथल्या पोराने शेवटी विचारलंच, “यू ऑलराइट, लव्ह?” म्हटलं, माझी सून येणार आहे. त्याला काय कळलं कोण जाणे, पण तो मागे सरकला.

एवढा आटापिटा का केला, ते आता लिहायला हवं.

लग्नानंतर पहिल्यांदा तू जेवायला आलीस, तेव्हा मी पाटवडीचा रस्सा केला होता. नागपूरचा, माझ्या आईच्या हातचा असायचा तसा झणझणीत. तू म्हणालीस, “काकू, खूप छान दिसतंय, पण मी माझं आणलंय.” आणि बॅगेतून डबा काढलास. पुढच्या खेपेलाही डबा. त्याच्या पुढच्याही. तू गोड बोलायचीस, भांडी घासू लागायचीस, आणि माझ्या टेबलाशी बसून तुझ्या डब्यातलं जेवायचीस. प्रणय म्हणायचा, “आई, शी इज व्हेगन, पर्सनली नको घेऊ.” मी पर्सनली घेतलं.

गेल्या फेब्रुवारीत तू सिंकपाशी मला आपण होऊन सांगितलंस, आठवतं? म्हणालीस, “काकू, लोक म्हणतात काही घातलेलं नाही, आणि चमचाभर तूप घातलेलं असतं. एवढ्याने काय होतं, म्हणतात. माझ्या आईनेही तेच केलं. म्हणून मी कुणाकडेच खात नाही.” दूध काढण्यासाठी आईपासून तोडलेलं वासरू तू बघितलं होतंस, तेही सांगितलंस. मी तेव्हाच मनात म्हटलं, माझ्या घरात या मुलीला असं कुणी फसवणार नाही.

आणि मग तो ईस्टरचा रविवार. वड्यांचं ताट मी पुढे केलं. तू हळूच विचारलंस, “ह्यात दूध नाही ना?” मी म्हटलं, “अगं, पाकीट न् पाकीट वाचून आणलंय. ठणठणीत व्हेगन आहे, खा.” तू एक खाल्लीस. मग दुसरी. प्रणय त्याच्या मोडक्या मराठीत ओरडला, “आई, सीरियसली, हा वडी कसला भारी झालाय!” आणि तू म्हणालीस, “काकू, आता तुमच्याकडे यायला मला डबा लागणार नाही.”

तुला कल्पना नाही शाल्मली, त्या वाक्यावर मी किती दिवस तरंगत होते. विहारात भेटेल तिला सांगत सुटले. मग मंगळवारी तुझा मेसेज आला की उरलेल्या वड्या ऑफिसात वाटल्या, तिथली व्हेगन मैत्रीणही तुटून पडली, आणि ‘माझ्या सासूबाईंनी केल्यात’ असं तू अभिमानाने सांगितलंस. तो मेसेज मी प्रणयच्या बाबांना दोनदा वाचून दाखवला.

परवा शनिवारी विहारात न्यायला पुन्हा तशाच वड्या करायला घेतल्या. गोळा मळून झाला. ताट घेतलं. आणि बघते तर माझी बोटं शेगडीशेजारच्या स्टीलच्या डब्यात बुडून आता ताटावर गोल फिरत होती.

वर कृती लिहिताना मी एक ओळ गाळली. गोळा थापायच्या आधी ताटाला तुपाचा हात लावायचा. वड्या कुठल्याही असोत, नारळाच्या, बेसनाच्या, ताटाला तूप लावल्याशिवाय आम्ही थापत नाही. ते मी करत नाही, ते माझा हात करतो, श्वास घेतल्यासारखं. बाजारातलं पाकीट न् पाकीट वाचलं मी, पण घरी कढवलेल्या तुपाच्या डब्याला लेबल नसतं. तू खाल्लेल्या प्रत्येक वडीला खालून तूप होतं. तुझ्या मैत्रिणीनेही तेच खाल्लं.

मी गोळा तसाच टाकून खुर्चीत बसले. प्रणयचे बाबा आले, म्हणाले, “काय झालं?” सांगितलं. म्हणाले, “अगं, नकळत झालं. पुढच्या वेळी तेल लाव, विषय संपला. तिला कशाला सांगतेस? पोरगी आत्ता कुठे जेवायला लागलीय तुझ्या हातचं.” त्यांचं चूक नाही. घर जुळून राहावं एवढंच त्यांना वाटतं. त्या तुपाच्या ताटातल्या वड्या त्यांच्याच वाट्याला गेल्यात, एकटे खातायत, तक्रार नाही.

काल विहारात पंचशील म्हणताना, चौथ्या शीलापाशी, खोटं बोलणार नाही म्हणतो ना आपण, तिथे माझा आवाज बसला. शेजारच्या धम्मशीलाताईंनी मला खोकल्याची गोळी दिली. आणि पहिलं शील, प्राण्याला इजा करणार नाही हे, मी लहानपणापासून म्हणते आणि घरी येऊन तूप कढवते. तू ते म्हणत नाहीस, पण डबा घेऊन फिरतेस. आता तू लगेच मला व्हेगन करायला धावू नकोस हं, या वयात ताक सुटणार नाही माझं. पण कोण काय पाळतंय ते मला दिसतं.

तरी खरं कारण ते नाही. खरं कारण लिहायला अवघड आहे.

माझे वडील रेल्वेत होते, आम्ही नागपूरला रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. चौदा एप्रिलला आई रव्याचे लाडू करायची आणि शेजारी द्यायला मला पाठवायची, ताटलीवर विणलेला रुमाल टाकून. शेजारच्या काकू हसून घ्यायच्या. म्हणायच्या, “आज उपास आहे गं, उद्या खाऊ हो.” एका वर्षी संध्याकाळी मी मागच्या गल्लीत खेळत होते, तर काकू ते लाडू गायीपुढे ठेवत होत्या. ताटली कलती करून, एकेक, लाडवाला हात न लावता. दुसऱ्या दिवशी ताटली परत आली, घासून लख्ख, रिकामी देऊ नये म्हणून वर चिमूटभर साखर. आणि निरोप, लाडू छान झाले होते सांग आईला. मी घरी जाऊन बघितलेलं सांगितलं. आई म्हणाली, “गायीला तरी गोड लागले असतील.” त्यानंतर तिने कधी ताटली पाठवली नाही. करायची सगळं, पण दार लोटून.

आता तुला कळलं असेल. प्रणयने पहिल्यांदा तुझं आडनाव सांगितलं तेव्हा मला ती लख्ख ताटली आठवली होती. ब्राह्मणाघरची मुलगी आमच्या बौद्धाच्या घरात. त्याला मी काही बोलले नाही. इथे वाढलेलं पोर, त्याला काय सांगायचं? आणि मग तू डबा काढलास. व्हेगन म्हणजे मला नवा उपास वाटला, शाल्मली. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, प्रणयच्या बाबांनाही नाही. तू हसून बोलायचीस तसतशा मला त्या काकू दिसायच्या. तुझ्यावर हा अन्याय होता, मला माहीत आहे. पण मनावर जे कोरलेलं असतं ते लेबल वाचून जात नाही.

म्हणून ती एक वडी मला एवढी मोठी होती. माझ्या हातचं तू खाल्लंस, यापुढे मला काहीच नको होतं. आणि तेच आता मी माझ्या हाताने घालवतेय की काय, या भीतीने शनिवारपासून नीट झोप नाही. पण गप्प बसले असते तर मी तुला तेच दिलं असतं जे त्या काकूंनी माझ्या आईला दिलं. खाण्याच्या बाबतीत, तोंडावर हसून, खोटं. ते मला जमायचं नाही. मला माफ कर.

तू रागावलीस तर रागाव. मैत्रिणीला सांगायचं की नाही ते तूच ठरव, आणि सांगितलंस तर ‘सासूने घोळ घातला’ असं खुशाल सांग, मला सांभाळून घेऊ नकोस.

बुद्ध पौर्णिमा मेच्या बारा तारखेला, सोमवारी आहे, पण सोमवारी कुणाला सुट्टी? विहारातला कार्यक्रम रविवारी, अकरा तारखेला ठेवलाय. शक्य असेल तर शनिवारी सकाळच्याच ट्रेनने ये. आपण वड्या करू. तू माझ्या शेजारी ओट्याशी उभी राहा. सगळे डबे उघडून बघ, ताट तू घास, खोबरेल तू लाव, मी कशात हात घालते त्याच्यावर नजर ठेव. आजवर माझ्या स्वयंपाकघरात येऊन कुणी अशी तपासणी केली असती, तर त्याला मी उभं राहू दिलं नसतं. तुला मी स्वतः बोलावतेय. बघून, खात्री करून, मगच खा. आणि एवढं सगळं करूनही नाही खावंसं वाटलं, तर नाही म्हण. मला लागेल, पण मी सोसेन. फक्त मला बरं वाटावं म्हणून खाऊ नकोस.

काकू म्हण, आई म्हण, फारच राग आला असेल तर गिरिजाबाई म्हण. पण ये.

तुझीच,
गिरिजा